चौदावी घागर

शेजाऱ्यांमधली शांतता करारांवर नव्हे, परस्परविश्वासावर टिकते — हे वाक्य मी तीस वर्षं वर्गात सांगत आलो. मुलं ते अधोरेखित करतात. मी मात्र ते म्हणताना फळ्याकडे तोंड करतो. का, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीच्या पाटीचा रंग ओला होता आणि गावातले नळ कोरडे. मी देगलूरचा, इथे खोली घेऊन एम.ए. करत होतो आणि परराष्ट्र सेवेच्या परीक्षेची तयारी. थोडं तेलुगू, थोडं कन्नड यायचं, पेपर मोठ्याने वाचायचो — एवढ्यावर गल्लीने मला 'राजदूत' करून टाकलं. चेष्टाच होती ती. मला तशी वाटत नव्हती, हा भाग वेगळा.

टँकर दिवसाआड यायचा. बायका पहाटे घागरी रांगेत ठेवून कामाला जात. घागर उभी म्हणजे माणूस उभं. तिला कुणी हात लावायचा नाही. हा रिवाज कागदावर मी आणला — सात कलमं, खाली सह्या नि अंगठे. खोटी तक्रार करणाऱ्याची घागर आठ दिवस शेवटी, हे कलम खास माझं. शिक्षेशिवाय करार कसला?

कमलमावशी चार घरची भांडी घासायच्या. लेक बाळंतपणाला आलेली. बारशाच्या घुगऱ्या मीही खाल्ल्या होत्या, म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या दिवशी मला उठायला उशीर झाला. माझी घागर लागली अगदी शेवटी. मावशींची चौदावी, देवळाच्या पायरीपाशी. गल्लीत कुणी नव्हतं. मी — सांगूनच टाकतो — मी दोन्हींची अदलाबदल केली. किती वेळ लागला असेल? चपला घालायला जास्त लागतो.

टँकरपाठोपाठ मावशी आल्या.

"माझी घागर पायरीपाशी व्हती. कुणी हलीवली?"

"कायला खोटं बोलता, मावशी?" माझे घरमालक अप्पा म्हणाले. त्यांचं कोपऱ्यावर किराणा दुकान होतं. "तिथं तर राजदूताची घागर हाय. बोला की राजदूत, तुमचीच जागा मागायल्यात ह्या."

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. संशयाने नव्हे, ते तरी बरं झालं असतं. निवाड्यासाठी बघत होती.

"रांग आत्ता जशी आहे," मी म्हणालो, "तशीच धरावी लागेल."

'यथास्थिती' — त्याच आठवड्यात वाचलं होतं.

"हाव, शिकल्यालं माणूस हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

मावशी शेवटच्या घागरीकडे वळल्या. "तू म्हणतूस तर माझंच चुकलं आसंल, बाळा. रातभर लेकरू रडलं, ध्यान न्हवतं."

इथे तरी बोलायचं ना? अप्पांनी कागद मागितला. मी खोलीतून आणला आणि शिक्षेचं कलम मीच वाचून दाखवलं. स्पष्ट उच्चारात.

आठ दिवस मावशींची घागर शेवटी. शेवटच्या घागरीपर्यंत टँकरमध्ये पाणी उरायचं नाही. दोन घरांच्या कामांमध्ये त्या रेल्वे रुळांपलीकडच्या विहिरीवर जायच्या. डोक्यावर घागर, काखेत बाळाच्या दुपट्यांचं बोचकं. माझ्या खिडकीतून ती वाट दिसायची. मी खिडकीत बसून अभ्यास करायचो. रोज वाटायचं, आज सांगू. आठ दिवसांत आठ संधी आल्या, आणि नंतर आणखी दीड वर्ष मी त्याच गल्लीत राहिलो.

मी तिथून निघताना मावशी म्हणाल्या, "परदेशात गेलास तरी असाच सरळ ऱ्हा."

त्या चौदाव्या घागरीतलं पाणी मी प्यायलोही नाही. त्यात मी पांढरा शर्ट धुतला. परीक्षेच्या अर्जाला फोटो लावायचा होता. फोटोत फक्त कॉलर आली.