दोघींतली निरोगी बहीण

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आई होती तोवर तिलाही नाही. आणि देवाला सांगायची तर सोयच उरली नाही — त्याच्याच आडून तर मी हे सगळं केलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी बोलता येईल. बघते.

मी अमरावतीला एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी वाटाण्याची झाडं फळ्यावर काढून आनुवंशिकता समजावते — आजोबांचं नाक नातवाला कसं येतं वगैरे. पोरं एकमेकांच्या नाकांकडे बघून हसतात. मीही हसते. माझ्या घरात कोणाकडे काय आलं, ते मात्र मी कधीच बोलले नाही.

वर्षा माझी धाकटी बहीण. अकोल्याला जठारपेठेत दोन खोल्यांत एकटी राहते, मुलांच्या शिकवण्या घेते. शाळेत असतानाच तिनं जेवण सोडलं. कारण विचारलं की एवढंच — "मले नाही खायचं." आईनं रडून पाहिलं, बाबांनी ताट भिरकावून पाहिलं. महालक्ष्म्यांची पंगत उठून जायची आणि ही वाढलेल्या पानासमोर मान खाली घालून बसलेली. नातेवाईक म्हणाले, पोरगी हट्टी आहे. पुढे एका डॉक्टरांनी त्याला आजार म्हटलं, अ‍ॅनोरेक्सिया हे नाव दिलं, पण तोवर 'हट्टी' हेच नाव पक्कं झालं होतं. तिचं लग्नही जमलं नाही.

माझी कीर्ती वेगळी. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी — तेही कडक. साबुदाणा नाही, भगर नाही, चहासुद्धा नाही. सासूबाईंनी मला पसंत केलं ते यावरच. अजूनही आल्यागेल्याला सांगतात, आमची सून फार देवाधर्माची.

आता सांगू? माझी कशावरही भक्ती नव्हती. पोटात अन्न गेलं की मला भीती वाटायची. वर्षाच्याही आधीपासून. आईनं एकदा दारात अडवून विचारलं, "काहून जेवत नाहीस?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, सोमवार धरला. आईचा चेहरा असा खुलला! झालं, मला आडोसा मिळाला. वर्षाला तो सुचला नाही. की तिला खोटं बोलताच आलं नाही? एकाच स्वयंपाकघरात दोन पोरी उपाशी — एकीच्या नावानं आई रडायची आणि दुसरीचं शेजारणींना कौतुक सांगायची. मी ते कौतुक ऐकून घ्यायची.

तेव्हा लहान होते, असं म्हणता आलं असतं. पण पुढचं लहानपणी घडलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी वर्षाच्या डॉक्टरांकडे संशोधन करणारी एक तरुण डॉक्टर आली. हा आजार काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या का दिसतो, जनुकांमुळे त्याचा धोका वाढतो का, हे तिला शोधायचं होतं. आजारी बहीण आणि तिच्याच घरातली निरोगी बहीण, अशा जोड्या तिला हव्या होत्या. वर्षानं माझं नाव सांगितलं. मी अकोल्याला गेले. आमच्या हातात एकेक नळी दिली — यात थुंका, त्याआधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. वर्षा हसून म्हणाली, "एवढं तर मले जमते." मी सकाळपासून पाणीच प्यायले होते. गुरुवार होता.

डॉक्टरनं मला विचारलं, "तुम्ही कधी जेवण टाळत राहिलात का? धार्मिक उपवास सोडून." किती सभ्य प्रश्न! बिचारीनं दार उघडूनच दिलं मला. मी म्हणाले, नाही. आणि निरोगी बहीण म्हणून नळीत थुंकले.

पण खरी गोष्ट तीही नाही. मी अजून मूळ गोष्टीभोवतीच फिरते आहे, बघा.

तिच्या घरी परतल्यावर वर्षा गॅसपाशी उभी होती. पाठ माझ्याकडे. म्हणाली, "ताई, आई एकच, बाप एकच. रक्तात असन, तर तुले काहून नाही झालं?"

प्रश्न हुशार विद्यार्थिनीचा होता. आणि किती आशेनं विचारला होता तिनं! ते रक्तातलंच निघावं असं तिला वाटत होतं — म्हणजे 'हट्टी' हा शब्द एकदाचा पुसला गेला असता. मी दोनच शब्द बोलायचे होते. मलेही आहे. एवढंच ना? मी काय म्हणाले असेन?

"मी मनाले आवर घातला."

जीवशास्त्राची बाई मी.

तिनं ओटा पुसला. मग म्हणाली, "म्हंजे माह्यातच खोट आहे." आणि विचारलं, चहा ठेवू का. मी म्हणाले, नको, गुरुवार आहे.

कुठल्या तरी प्रयोगशाळेत माझी थुंकी निरोगी म्हणून ठेवलेली असेल. त्या डॉक्टरला फोन करून खरं सांगता आलं असतं. नंबर आहे माझ्याकडे. केला नाही. इतक्या लोकांत माझी एक चूक त्यांना जाणवणारही नाही कदाचित. पण वर्षाकडे स्वतःला ताडून बघायला दुसरं कोण होतं? मी एकटीच होते.

दर संकष्टीला तिचा फोन येतो. ती गच्चीवर चढून चंद्राची वाट बघते, माझ्यासाठी. तिच्या स्वतःच्या घशाखाली घास उतरत नाही, पण माझा उपवास वेळेवर सुटावा याचा तिला घोर. मागच्या चतुर्थीला इकडे आभाळ भरलेलं होतं. ती म्हणाली, "निघाला, ताई. इथं दिसून राहिला. जेवून घे आता." मग म्हणाली, "तू जेवतं ना, मले बरं वाटते. घरातली एक तरी चांगली निघाली."

मी म्हणाले, "हो, आता पानावरच बसून राहिली मी."

फोन ठेवला. पान मी घेतलंच नव्हतं.