पाथरवटांनी घालवलेलं पुणं

माझ्या थोरल्या काकांइतका संताप आणणारा माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा नव्हता. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, मीही पेन्शनीत निघालो, तरी त्यांचं नाव निघालं की माझे कान तापतात. त्यांचा एकच हट्ट होता: वस्तू विकणाऱ्याला विचारू नये, ती ज्याच्या माथी बसली त्याला विचारावं. युसूफ वडगावच्या बाजारात बैल बघायला गेले की ते बैलाकडे ढुंकूनही पाहत नसत, मालकाच्या गड्याला बाजूला घेऊन तासभर बोलत. हकिमानं खोकल्याचं औषध दिलं, तर हे त्याचे जुने रोगी शोधायला निघाले. त्यातले दोघे हयात नाहीत असं कळल्यावर बाटली उकिरड्यावर ओतली आणि आठ दिवस खोकत बसले. माझ्या बहिणीचं स्थळ तर त्यांनी मुलाच्या घरच्या मोलकरणीला विचारून पक्कं केलं. ते चांगलं निघालं ही गोष्ट अलाहिदा. पण त्यानंतर त्यांना आवरणं कुणाच्याच हातात राहिलं नाही.

मी औरंगाबादेहून इंटर पास होऊन आलो तेव्हा आसपासच्या दहा गावांत इंजिनिअर होऊ घातलेला मी एकटाच, आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हतो. वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळे सही काकांची आणि टपालही त्यांच्याच हाती. मला पुण्याला जायचं होतं. तिथल्या कॉलेजाचा दरारा असा, की तिथं शिकलेला माणूस नुसता पुलावर उभा राहिला तरी पूल पक्का वाटावा. हैदराबादचं कॉलेज नुकतंच निघालेलं, शिकवणं उर्दूतून आणि सगळा भर तळी-कालव्यांवर. तळी खणायला कॉलेज कशाला लागतं, असं मी म्हणत असे. तरी रीत म्हणून दोन्हीकडचे अर्ज भरून काकांकडे दिले.

बरेच दिवस ते काही बोललेच नाहीत. मग एका सकाळी त्यांनी धर्मापुरीहून पाच पाथरवट बोलावून ओसरीवर बसवले. साहेब लोकांच्या हाताखाली ज्यांनी दगड घडवले, तेच सांगतील कुठलं कॉलेज बरं! माझ्या आयुष्याचा फैसला पाच माणसं तंबाखू मळत करत होती आणि मी त्यांना पाणी आणून देत होतो. पुण्याच्या साहेबाची रेघ सरळ असते, हे त्यांनी कबूल केलं. पण त्याचे बूट इतके चांगले, की पुलाच्या पायाच्या खड्ड्यात उतरायला त्याचा जीव होत नाही म्हणे. त्यांच्यातला म्हातारा मारुती म्हणाला, "पूल लई झाले, मालक. खालून वाहायला पानी कुठं हाय? पोराला तळ्याचं शिकू द्या."

काकांनी मान डोलावली आणि हैदराबाद ठरलं. मी आकांडतांडव केलं, दोन दिवस जेवलो नाही, नाही नाही ते बोललो. ते शांतपणे पानाला चुना लावत होते.

हैदराबादला गेलो. पत्रं आईला लिहायचो, त्यात काकांना साधा नमस्कारही नसे. पुढे नोकरीत वरचा साहेब पुण्याचा निघाला की माझा राग नव्यानं पेटायचा, आणि भेटेल त्याला मी सांगायचो की पाच पाथरवटांनी माझं पुणं घालवलं. काका वारले तेव्हाही आमचं धड बोलणं नव्हतं.

पुढच्याच वर्षी पाटोद्याजवळ तळ्याच्या कामावर मारुती आला. मी त्यालाही तेच ऐकवलं. त्यानं हातातली छिन्नी खाली ठेवली.

"साहेब, पुण्याचं न्हाई म्हनून पत्र आमच्या आधीच आलतं. गणितात कमी पडले म्हनं तुमी. मालक आमाला म्हनले, 'पोरगं लई ताठ हाय, कळलं तर मोडंल. तुमी समदे हैदराबाद म्हना, म्हंजी माझ्यावर चिडंल.' तळ्याचं तेवढं मी माझ्या मनानं बोललो."

मग म्हणाला, "बाजाराला आलो की मी इचारायचो, पोरगं कसं हाय. म्हनायचे, 'अजून चिडलंय. बरं हाय मंग.'"

हे मला सांगायला नको होतं? चार ओळी लिहायला काय झालं होतं त्यांना? त्या दिवशी मला काकांचा जेवढा राग आला तेवढा आधी कधीच आला नव्हता, आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस उरला नव्हता.