फुटलं तर जबाबदार कोण?

वीर स्टेशनवर गाडी लेट असली की आम्ही तीन-चार मास्तर-मास्तरणी बाकावर बसतो आणि एकेकाच्या शाळेतले किस्से बाहेर पडायला लागतात. माझे सगळे एकाच कपाटातून निघतात!

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पोलादपूरच्या डोंगरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. नवीकोरी विज्ञानपेटी आली आणि हेडसरांनी त्याच दिवशी ती कपाटात कोंडली. किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात! काहीही मागा, एकच उत्तर : "फुटलं तर जबाबदार कोण?"

पेटीत मायक्रोस्कोप होता. सातवीनंतर आमच्या बऱ्याच मुली घरीच बसायच्या. त्याआधी एकदा तरी त्यांनी त्यातून बघावं, एवढाच माझा हट्ट होता.

*

मायक्रोस्कोप आज मिळेल, उद्या मिळेल म्हणून मी सातवीला रोज कांदा आणायला सांगायचे. पापुद्रा काढायचा सराव तरी होईल! आठवड्याभरात त्यातल्याच संगीताची आई वर्गाच्या दारात.

"बाई, सरकार पगार देतो ना तुमाला? मग पोरांकडनं कांदे कशाला वो मागवता?"

संगीता मधे पडली, "आये, बाई नुसती साल काढतात गो!"

"मग आतला कांदा जातो कुठं?"

*

पेटी मिळेना, म्हणून घरून टॉर्चचे सेल आणून बल्ब पेटवला. संगीताचे काका मुंबईहून गणपतीला आले होते, त्यांनी तो खिडकीतून पाहिला. शाळेला तर वीजच नव्हती! "आकडा कुठं टाकलाय?" म्हणत त्यांनी शाळेला चक्कर मारली, कौलंसुद्धा तपासली. मी दोन सेल पुढे केले.

"ते दाखवायला ठेवलेत, बाई. असली वायर किधर हाय?"

*

सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर सहल निघाली. मी पेटीतला थर्मामीटर मागितला. हेडसरांनी प्रथमोपचाराच्या डब्यातला, ताप मोजायचा दिला. कुंडात घालताच तो तडकला!

दुसऱ्या दिवशी तुकडे उलटसुलट बघून हेडसर हळूच म्हणाले, "खरं सांगा बाई, इतका ताप कोणाला होता?"

*

शेवटी शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांचा निरोप आला : उद्या येतोय, मुलं मायक्रोस्कोप वापरताना दिसली पाहिजेत. किल्ली बाहेर आली! पण हेडसरांचा आमच्यावर कुठला विश्वास? "आधी मी तपासणार."

मी कांद्याचा पापुद्रा ठेवला. हेडसरांनी एक डोळा मिटला आणि ओरडलेच, "बाई! काच तडकलीय! नुसत्या चिरा! कोणी हात लावला?"

आता मायक्रोस्कोप परत कपाटात जाणार.

संगीता पुस्तक उघडून उभी राहिली. "सर, काच नाय तडकली. कांदाच तसा हाय. चित्रात बघा."

हेडसरांनी चित्र बघितलं. परत डोळा लावला. मग त्यांचा हात हळूच बाजूच्या स्क्रूकडे गेला.

"सर," संगीता म्हणाली, "फुटलं तर जबाबदार कोन?"

हेडसरांनी डोळा न काढता दोन्ही हात पाठीमागे घेतले.