बाहुलीच्या पोटाची चेन

सिस्टर, पत्र तुम्हालाच आहे. पण चारचौघांनीही वाचावं, म्हणून तुमच्याविषयी परक्यासारखं लिहितेय.

माझ्या चार वर्षांच्या नातीच्या मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा माझा मुलगा अडून बसला. "एक मूत्रपिंड काढल्यावर पोरगी जगेल कशी?" डॉक्टरांनी समजावलं, पण त्याच्या डोक्यात काही शिरेना. त्यात भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक तिचं पोट चाचपून बघणार!

वॉर्डातल्या सिस्टरांनी पोट दाबू पाहणाऱ्या एका आत्याबाईंचा हात धरून बाजूला केला. "पोट आहे ते, बाजारातला टोमॅटो नव्हे. दाबलं तर गाठ आत फुटू शकते."

मग त्यांनी स्वतः शिवलेली कापडी बाहुली मुलाच्या मांडीवर ठेवली. तिच्या पोटाला चेन होती आणि आत कापसाची दोन मूत्रपिंडं, त्यांतल्या एकाला लाल गाठ.

"काढा गाठीचं."

त्याने ते अलगद काढलं.

"आता उरलेलं काय करेल?"

"दोन्हींचं काम?"

"बघा, येतंय की! उगाच घाबरवता बायकोला."

सून हळूच म्हणाली, "सिस्टर, माझं काही चुकलं का हो?"

"काहीही नाही. कुणी काही केल्यानं हे होत नाही. आणि बहुतेक मुलं यातून बरी होतात, बाई."

मुलाने संमतीची सही केली. बाहुलीची चेन लावताना मात्र ती त्याच्याच हातून तुटली.

"पुढच्या खेपेला नवी आणते," मी म्हटलं.

नात आता शाळेत जाते. सिस्टर, चेन मी लगेच घेतली होती. ती अजून माझ्या शिवणाच्या डब्यातच आहे.