वीतभर पाणी

धरणाच्या धक्क्याला माझी शिडाची होडी बांधलेली असते. उन्हाळ्यात कालव्याला पाणी सोडलं की जलाशय रोज वीतभर उतरतो आणि माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. परवा वाऱ्याच्या भीतीने मी दोर चांगले आवळून गेले होते. आज येऊन पाहते तर खालचं पाणी सरकलेलं आणि होडी त्याच दोरांना एका अंगावर लटकलेली.

होड्या सांभाळणारे सोपानकाका धावत आले. गाठी सोडवत म्हणाले, "ताई, पाणी उतरतंय तोवर दोर सैल ठेवा. उद्यापर्यंत कडीच उपटली असती."

होडी पुन्हा पाण्यावर टेकली. तरी काठावरचा ओला पट्टा बघून मी कुरकुरलेच, "रोज एवढं पाणी जातं तरी कुठं?"

"आमच्या गावाला," काका म्हणाले. "सकाळीच पोचलं. भुईमूग वाचला."

म्हणजे इतके दिवस मी ज्या पाण्याला मनातल्या मनात थांब थांब म्हणत होते, त्याला काका माझ्या शेजारी उभे राहून जा जा म्हणत होते. आणि तरी रोज माझी होडी सांभाळत होते.

"उद्या अजून वीतभर उतरेल," ते म्हणाले. आवाजातला आनंद काही त्यांना लपवता आला नाही.

मी दोर हातभर सैल सोडला. गाडीपाशी जाईपर्यंत दोनदा मागे वळून पाहिलं.