एकही भोक न पाडता

"भोक कुणीही पाडील; ते परत पत्र्यात भरून आणणारा मला अजून भेटायचाय," असं कुस्तोदियो आबेता एकदा म्हणाला होता. कमी बोलणाऱ्या माणसाचं हे वाक्य खोऱ्यात बरेच दिवस फिरलं. चाळीस वर्षं तो जुन्या गाड्यांच्या सीटा शिवत होता. लहानथोर सगळे त्याला तिओ म्हणत, म्हणजे काका.

एर्नेस्तिना त्याच्याकडे गेली ती त्या वाक्यामुळेच. बापाची त्रेपन्न सालची शेवरोले पिकअप तिच्या अंगणात होती, पण एका अटीवर. थोरल्या भावानं, एलॉयनं, बापाला माती दिली त्याच दिवशी बजावलं होतं: गाडी आहे तशी राहील. एक नवं भोक दिसलं की चावी माझी.

दरवर्षी सणाला शेतकऱ्यांच्या संताची, सान इसिद्रोची, मूर्ती याच गाडीतून शेतांमधून फिरायची आणि मागे म्हातारा मेलितोन व्हायोलिन वाजवत चालायचा. यंदा त्याची बोटं आखडली होती. त्याचं जुनं वादन तेवढं टेपवर होतं.

"तिओ, सीटच्या मागे बसतील का स्पीकर?"

"सीटच्या मागे पेट्रोलची टाकी आहे, पोरी. सान इसिद्रोला समोरासमोर भेटायची एवढी घाई?"

त्यानं तीन दिवस घेतले. सीटखाली मावेल अशी पाइनच्या फळ्यांची बुटकी पेटी केली आणि ती सीटच्याच बोल्टांना आवळली. आत दोन स्पीकर आणि त्यांची वेगळी बॅटरी, कारण गाडीची जुनी सहा व्होल्टची बॅटरी त्यांना पुरली नसती. वायरी चटईखालून पायाशी ठेवलेल्या टेपरेकॉर्डरपर्यंत गेल्या. दारांच्या पत्र्याला त्यानं हात लावला नाही.

सणाच्या आदल्या दिवशी, कुस्तोदियो हत्यारं आवरत होता तेव्हा, एलॉय आला. टोपी बॉनेटवर ठेवून टॉर्च घेऊन आत वाकला. बराच वेळ नुसती त्याची पाठ दिसत होती.

"ही दोन काय मग? उंदरानं पाडली?"

चटईच्या कडेला, तळाच्या पत्र्यात, शेजारी शेजारी दोन भोकं होती, पेन्सिल जाईल एवढी. एर्नेस्तिनानं कुस्तोदियोकडे पाहिलं, आणि क्षणभर का होईना, शंका घेतली म्हणून तिची तिलाच लाज वाटली.

"चावी दे," एलॉय म्हणाला. तिनं ती काढून दिली.

कुस्तोदियो गुडघ्यावर बसला. भोकाच्या कडेला चिकटलेलं काळं काहीतरी त्यानं नखानं खरवडलं आणि बोट एलॉयच्या नाकाखाली धरलं.

"हुंग."

"राळ. पिन्योनच्या झाडाची."

"दगड झालाय तिचा. चटई उचलताना माझ्या हातून राळेची बुचं निसटली, एवढा गुन्हा माझा. भोकं तुझ्या बापाची. पाय कापो नाहीतर बादली गळो, राळेशिवाय दुसरं औषध त्याला ठाऊक होतं?"

एलॉयनं टॉर्च पुन्हा त्या भोकांवर धरला.

"बापानं रेडिओ बसवला होता," तो म्हणाला. "मी शाळेतही जात नव्हतो. आईनं असा झाडला होता त्याला, की संध्याकाळपर्यंत रेडिओ परत काढला." त्याला हसू आवरेना. "आणि हाच म्हातारा मला जन्मभर सांगायचा, गाडीला स्क्रूड्रायव्हर लावलास तर हात तोडीन."

त्यानं चावी बहिणीच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटली. ती गाडीच्या पायरीवर मटकन बसली.

"वाजव की आता," एलॉय म्हणाला. " उद्या देवापुढे फजिती नको."

तिनं काचा खाली करून टेप लावली. मेलितोनचं व्हायोलिन अंगणभर झालं, किंचित बेसूर, आणि सुरांखाली त्याच्या बुटाचा ठेकासुद्धा ऐकू येत होता. एलॉयनं बॉनेटवरची टोपी उचलली, पण घातली नाही, हातातच धरली.

एर्नेस्तिना कुस्तोदियोचे आभार मानायला वळली. त्यानं हत्यारं फडक्यात गुंडाळली, काखेत धरली आणि तो फाटकातून बाहेर पडला.