काचेतले तेरा तारे

अजमानच्या मासळी बाजारामागच्या गल्लीत एक शिलाईचं दुकान होतं. मालक अरबाब महिन्यातून एकदा येऊन कहवा पिऊन जात. बाकी सगळी गल्ली त्याला युसुफ मास्टरचं दुकान म्हणे. आमच्या शाळेच्या गॅदरिंगचे कपडे तिथेच शिवले जात, म्हणून माझं जाणं-येणं होतं.

युसुफभाई रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. अंगाने बारीक, गळ्यात टेप, कानामागे खडू. माणूस दारातून आत येईपर्यंत ते त्याचं माप नजरेनेच घेऊन टाकत. स्वभावाने मायाळू, फक्त दुसऱ्याचं कौतुक कानावर पडलं की त्यांना त्रास होई. त्यांच्या पत्नी साजिदाभाभी म्हणायच्या, "टीचर, शेजारणीच्या फणसाच्या सांदणाला चांगलं म्हटलं तरी ह्यांचं तोंड उतरतं. सांदण काय हे करतात?"

सोमनाथ माण तालुक्यातला. दुकानात तो इस्त्रीला लागला होता. युसुफभाईंनीच त्याला मशीनवर बसवलं, काज-बटणं शिकवली, कटिंग शिकवलं. पोरगा हाताचा हलका निघाला आणि गिऱ्हाइकाशी हसून बोलणारा. दोन हजार सालापर्यंत अशी वेळ आली की लोक दारातूनच विचारू लागले, "सोमनाथ है क्या?" युसुफभाई मान वर न करता म्हणत, "है. हम भी हैं."

त्यांचं म्हणावं असं एक गिऱ्हाईक मात्र पक्कं होतं. मिस्टर टेरेन्स, अमेरिकेतले काळे गृहस्थ, शारजाच्या एका कॉलेजात शिकवायचे. त्यांचा डावा खांदा जरा उतरता होता. तो उतार लपवणारा कोट युसुफभाईंनी पहिल्यांदा शिवला तेव्हा मिस्टर टेरेन्सनी आरशासमोर उभं राहून त्यांचा हात हातात घेतला होता. सोमनाथला त्या कोटाच्या कापडाला हात लावायलाही मनाई होती.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात जहाजदुरुस्तीच्या यार्डातले एक गोरे सुपरवायझर, मिस्टर हॉलिस, एक रंगीत चित्र घेऊन आले आणि सरळ सोमनाथकडे गेले. त्याने त्यांच्या टोपीवरचं नाव छान भरून दिलं होतं. चित्रात झेंडा होता: लाल कापड, त्यावर निळी फुली, फुलीवर तेरा पांढरे तारे.

"तारे तुला जमायचे नाहीत," युसुफभाई म्हणाले. "टोकं बोथट होतील."

"बघतो ना चाचा."

"बघायचंय काय? साहेबासमोर दुकानाची अब्रू घालवशील. आण इकडे."

सोमनाथने कापड देऊन टाकलं. युसुफभाईंनी तारे वेगळे कापून, काठ आत दुमडून, दोन्ही बाजूंनी लावले. एकही टोक बसकं नव्हतं. मी पाहिलंय, काम सुंदरच होतं.

दुकानाचा एक रिवाज होता. चांगलं काम तयार झालं की ते एक संध्याकाळ दर्शनी काचेत टांगायचं, आणि ज्याचं काम काचेत, त्याला इतरांनी चहा पाजायचा. गेल्या काही महिन्यांत चहा बहुधा सोमनाथच पीत होता.

"चाचा, हा काचेत नको," सोमनाथ हळूच म्हणाला. "साहेबाने घरात लावायला सांगितलाय. कुठला झेंडा आहे ते तरी आपल्याला कुठे ठाऊक?"

"पोटात दुखलं का?" युसुफभाई हसले. "चहा सांग. आलं घालून."

झेंडा काचेत लागला. मी नाटकाचे अंगरखे मोजून घेत होते तेव्हाची ही गोष्ट. मिस्टर हॉलिस झेंडा न्यायला आले, खूश झाले. आणि त्याच वेळी आपला कोट घ्यायला आलेले मिस्टर टेरेन्स काचेबाहेर थबकले. मग आत आले.

त्या दोघांचं बोलणं इंग्रजीत आणि भरभर चाललं होतं. युसुफभाई माझ्याजवळ सरकले. "टीचर, भांडण कसलं?"

"त्यांच्या देशात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आपसात लढाई झाली होती. हा हरलेल्या बाजूचा झेंडा."

"हरलेल्यांचा? मग घरात कशाला लावायचा?"

"तेच तर भांडण आहे."

मिस्टर हॉलिस म्हणत होते, "माझे खापरपणजोबा त्या लढाईत गेले. गरीब शेतकरी, एकही गुलाम नव्हता त्यांच्याकडे. आपल्या राज्याच्या हक्कासाठी लढले. आता विधानसभेच्या घुमटावरून झेंडा उतरवलाय. मी माझ्या भिंतीवरसुद्धा त्यांची आठवण ठेवायची नाही?"

"कशाच्या हक्कासाठी?" मिस्टर टेरेन्सचा आवाज चढला नव्हता. "तुमच्या राज्याने देशातून फुटताना कारण स्वतःच लिहून ठेवलंय. गुलामगिरी. वाचा कधीतरी. खापरपणजोबांचा फोटो लावा, मी समोर उभा राहून टोपी काढीन. पण हा झेंडा त्या घुमटावर चढवला माझ्या वडिलांच्या काळात, आमची माणसं हक्क मागायला लागली तेव्हा. तो कुणाची आठवण करून द्यायला चढवला होता?"

मिस्टर हॉलिस लाल झाले. "त्याला मी काय करू? माझ्यासाठी हा घराण्याचा वारसा आहे, बस." मग विषय बदलावा तसे सोमनाथच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "या पोराचं काम तर बघा! असे तारे आमच्याकडेही कुणी शिवत नाही."

मिस्टर टेरेन्सनी सोमनाथकडे पाहिलं. सोमनाथने मान खाली घातली.

युसुफभाई नुसते गप्प बसले असते तरी चाललं असतं. दोष सोमनाथवर जाणार होता, आणि गिऱ्हाईक त्यांचंच राहणार होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. पोराच्या पाठीवरचा तो गोरा हात त्यांना बघवेना.

"नो!" ते ओरडले. "नॉट सोमनाथ. मी! ऑल स्टार, माय वर्क!"

मिस्टर टेरेन्सनी कोट घेतला, घालून पाहिला नाही, "थँक यू, मास्टर," म्हणाले आणि गेले. मिस्टर हॉलिसही झेंड्याची घडी करून निघाले. आल्याचा चहा आला तो तसाच निवला.

"टीचर, तुम्ही त्यांना सांगा," युसुफभाई पुढे कितीदा तरी मला म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं." मी मिस्टर टेरेन्सना गाठून सांगितलं. ते म्हणाले, "मला कळतंय, त्यांना ठाऊक नव्हतं. पण ते तारे त्यांनी किती जीव लावून केलेत, तेही मला दिसलं."

थंडी सुरू झाल्यावर ते पुन्हा दुकानात आले. युसुफभाईंनी टेप सरसावली.

"सोमनाथ आहे का?" मिस्टर टेरेन्सनी विचारलं.

सोमनाथ चाचांकडे बघू लागला. युसुफभाई पाठ फिरवून कापडावर खडू ओढू लागले. सोमनाथ माप घेऊ लागला: छाती, बाही, पाठ. खांदे एका मापाचे धरून तो पुढे गेला. माझ्या हातात ब्लाऊजचं कापड होतं. मी युसुफभाईंचा खडू थांबलेला पाहिला. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं. कोट वाकडा पडला असता, आणि गिऱ्हाईक आपोआप त्यांच्याकडे परत आलं असतं.

"गाढवा," ते न वळता मराठीत म्हणाले, "डावा खांदा उतरता आहे. अर्धा इंच. आणि आतून थर दे, बाहेरून दिसता कामा नये."

सोमनाथने पुन्हा टेप लावली. डाव्या खांद्यावर ती आली तसे मिस्टर टेरेन्स आरशातून युसुफभाईंच्या पाठीकडे बघत राहिले.

तो कोट काचेत लागला. चहा सोमनाथचा होता, आणि रिवाजाप्रमाणे युसुफभाईंनाच तो पाजावा लागला. त्यांनी साखर कमी घालायला सांगितली.

युसुफभाई आता गावी असतात. मागे भेटायला गेले तेव्हा साजिदाभाभींनी सांदणं केली होती. मी सोमनाथची चौकशी केली. त्याने अजमानलाच स्वतःचं दुकान टाकलंय म्हणे, चांगलं चाललंय.

"चालेल नाही तर काय?" युसुफभाई बशी सरकवत म्हणाले. "उतरता खांदा कसा झाकायचा, ते सांगितलं कुणी?"

"खा आता," भाभी म्हणाल्या. "सांदणं तरी माझी आहेत."